पामची धामण

चीर साडेचार सेंटिमीटर लांब होती. सागाच्या बरगडीच्या बाहेरच्या अंगाला, टोकापासून बावन्न सेंटिमीटरवर ती सुरू झाली आणि लाकडाच्या रेषेबरोबर तिरकी उतरत गेली. जिथे रेषा पट्टीच्या कडेबाहेर निघून गेली होती नेमकी तिथे नखाएवढ्या जाडीची एक ढलपी उभी राहिली. पट्टी वाफेतून बाहेर काढल्यापासून ढलपी उभी राहीपर्यंत अकरा सेकंद गेले. मी मोबाइलवर वेळ लावून उभी होते, कारण या कामात माझ्यावर सोपवलेली जबाबदारी तेवढीच होती.

निमेश म्हणाला की आमची वाफ कमी पडली. माझा धाकटा भाऊ मेहुल म्हणाला की घाई झाली. मेहुलचा मित्र धीरज म्हणाला की ही वाफच नव्हे. तिघेही लाकडाकडे न बघता एकमेकांकडे बघून बोलत होते. बाबांनी मात्र वाकून ढलपीवर अंगठा फिरवला, लुंगीला हात पुसले आणि स्टुलावर जाऊन बसले.

छोट्या होडीच्या बरगड्या कशा बसवतात ते सांगायला हवं. आमच्याकडे त्यांना वांक म्हणतात. मासेमारीच्या मोठ्या होडीला बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली लाकडं कापून बसवतात. तिथे वाकवायचा प्रश्न नाही. पण वल्ह्याने चालवायच्या हलक्या होडीला बोटभर जाडीच्या पट्ट्या लागतात. त्या तासभर वाफेत ठेवायच्या, गरम असताना होडीच्या पोटात दाबून बसवायच्या आणि लगेच खिळवायच्या. मिळतात वीस सेकंद. तेवढा वेळ लाकूड चामड्यासारखं असतं, मग पुन्हा लाकूड होतं. यासाठी लाकडात तीन गोष्टी हव्यात. तंतूंची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी, गाठ नको, आणि आत थोडं पाणी शिल्लक हवं. लाकूड महाग असावं ही अट त्यात नाही.

निमेश हा वांद्र्याचा आर्किटेक्ट. चिंचणीच्या किनाऱ्याजवळ त्याने पाहुण्यांसाठी बारा खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांना फिरायला त्याला लाकडी होड्या हव्या होत्या. फायबरच्या नको, कारण फायबरच्या सगळ्यांकडे असतात. आधी नमुन्याची एक चौदा फुटी होडी. ती दिवाळीआधी पाण्यात उतरली तर आणखी पाच.

बाबांचं नाव कमलाकांत, वय एकाहत्तर. तारापूरच्या खाडीकाठी आमची शेड आहे आणि गेली सहा वर्षं तिच्यात नवी लाकडी होडी उभी राहिली नव्हती. जुन्यांची डागडुजी तेवढी चालायची. तरुणपणी चार वर्षं बाबा मुंबईत शिडाच्या छोट्या होड्या बांधणाऱ्या एका यार्डात होते. वाफेवर लाकूड वाकवणं ते तिथे शिकले, म्हणून निमेशला कोणीतरी त्यांचं नाव सांगितलं. इकडे मेहुलने शेड फायबरच्या होड्या करणाऱ्या एका पार्टीला द्यायचं जवळपास ठरवलं होतं. त्यांना साचे ठेवायला पाण्याला लागून जागा हवी होती. निमेशची होडी झाली तर शेड बाबांची. नाही झाली तर दिवाळीनंतर साचे येणार, आणि बाबांनी खुर्ची घेऊन ओट्यावर बसायचं. मेहुलने हे जेवताना, वाईट वाटू न देता सांगितलं. बाबा म्हणाले, "बघू."

बाबांचं "बघू" हे उत्तर नसतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, शेडचं छप्पर, माझं लग्न, सगळं त्या शब्दाखाली वर्षानुवर्षं पडून राहिलं. आईने ऑपरेशन शेवटी मामाला घेऊन करून घेतलं. छप्पर वादळाने ठरवलं.

तर, लाकूड. निमेशला साग हवा होता. साग म्हटला की त्याचा आवाज खाली यायचा, देवळात गेल्यासारखा. त्याने वखारीतून आणलेल्या सागाबरोबर एक सर्टिफिकेट होतं: भट्टीत वाळवलेला, आर्द्रता आठ टक्के. हे आठ टक्के त्याने आम्हाला तीनदा सांगितले, मुलाचे मार्क सांगावेत तसे. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आहे आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये रोज वीस नमुन्यांची आर्द्रता मोजते. लाकूड एकदा भट्टीत इतकं वाळवलं की त्याच्या तंतूंमधला चिकटपणा घट्ट बसतो आणि मग वाफेत ठेवूनही तो पूर्वीसारखा सैल होत नाही, हे मला माहीत होतं. कपाटाला ते लाकूड उत्तम. बरगडीला निरुपयोगी.

मी दोन पानांचं टिपण लिहिलं, आकृतीसह. निमेशने त्यावर अंगठा पाठवला. मेहुलने उघडलं नाही. बाबांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "हे मला ठाऊक हाय." ठाऊक होतं तर साग वाफेत का घालताय, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय सगळ्यांना आहे, फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं.

सागाच्या पहिल्या सहा पट्ट्यांपैकी चार गेल्या आणि मग धीरजने सूत्रं हातात घेतली. धीरज कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात बॉयलर चालवतो. आमच्या भागात ज्याने एकदा बॉयलरवर हात ठेवला त्याला घरातली चहाची किटली पोरखेळ वाटते. बाबांची वाफेची पेटी म्हणजे फळ्यांचं नऊ फूट लांब खोकं, खाली लाकडाच्या जाळावर पाण्याचं पिंप, आणि सगळ्या फटींतून निघणारी पांढरी ओली वाफ. धीरजने त्या फटींकडे बघून मान हलवली.

"काका, ही वाफ नाय. हिच्यावर इडली पण धड होणार नाय."

त्याने आठ पट्ट्या टेम्पोत घातल्या आणि कारखान्यात नेल्या. तिथे एका जुन्या पाइपात त्या भरून त्याने दहा किलो दाबाची वाफ सोडली. पाळीच्या वहीत 'ट्रायल' असं लिहिलं. कशाची ते लिहिलं नाही. दीड तासाने पट्ट्या बाहेर आल्या त्या गडद तपकिरी, हलक्या आणि पापडासारख्या कडक. एक तर परत येताना बोईसरच्या फाटकापाशी, टेम्पोला गचका बसल्यावर, कोणी हात न लावता मोडली. तिचा तुकडा मी लॅबमध्ये नेला. आर्द्रता तीन टक्के. एकशे ऐंशी अंशांची वाफ पाइपात मोकळी सुटली की ती कोरडी होते, आणि कोरडी वाफ लाकडाला पाणी देत नाही, असलेलं काढून घेते. धीरजने बॉयलरच्या मदतीने साग वाफवला नव्हता, भाजला होता. मी त्याला आकडा सांगितला. तो म्हणाला की आताचा साग पहिल्यासारखा राहिला नाही.

नंतर निमेशने पुस्तक वाचलं. पुस्तकात होतं की होडीच्या बरगड्यांना सगळ्यात चांगलं लाकूड परदेशातलं ॲश. वाचलेलं खरं होतं, आणलेलं नव्हतं. ते समुद्रापलीकडून भिवंडीच्या गोदामात आलं, तिथून आमच्या शेडमध्ये, आणि तेही भट्टीत वाळवलेलंच, वर कसंही चिरलेलं. पट्टीच्या कडेवर रेषा दर वीतभराला बाहेर पडत होती. मी पेन्सिलीने त्या जागांवर खुणा केल्या. दहापैकी सात पट्ट्या गेल्या, सहा माझ्या खुणांवर. निमेशने खुणांचे फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. खाली लिहिलं की जुन्या कारागिरांचं ज्ञान थक्क करणारं असतं.

मेहुलची कल्पना या सगळ्यांत शहाणपणाची होती. तो म्हणाला, जाड पट्टी वाकवण्यापेक्षा पातळ पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून वाकवू. फायबरवाले देतील तसला गोंद. ते जमलं असतं. पण निमेशला ते प्लायवुडसारखं वाटलं आणि बाबांनी गोंदाच्या डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेहुल पुन्हा काही सुचवायला गेला नाही. त्याने फायबरच्या पार्टीला फोन केला.

एवढं सगळं होत असताना या कामाचं लाकूड कुठे आहे ते बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाही. मेहुललाही.

ते लाकूड धामण नावाच्या झाडाचं. डोंगराकडचे लोक धनुष्य धामणीचं करतात, कावडीचा दांडा धामणीचा करतात, कारण ती वाकते आणि मोडत नाही. ओली असताना पाचर मारली की वरपासून खालपर्यंत सरळ फुटते. करवत लावायची गरज नाही, म्हणजे रेषा कडेबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. जंगलातली तोडता येत नाही आणि वखारी ती ठेवत नाहीत. पण पाम गावात, नलू आत्याच्या चिकूच्या वाडीच्या बांधावर, एक सरळ धामण उभी आहे. आमच्या शेडपासून साडेआठ किलोमीटर. अकरा वर्षांपूर्वी तिथे दोन होत्या.

बाबांचा एक नेम आहे. होडीचं लाकूड ज्या झाडाचं, त्या झाडाच्या मालकाकडे मिस्त्रीने स्वतः जायचं. दलाल नाही, निरोप नाही. नारळ घेऊन दारात उभं राहायचं, मालकासमोर झाडाला हात लावायचा आणि म्हणायचं, हे झाड मला होडीसाठी द्या. मालक तोंडाने हो म्हणाला तरच कुऱ्हाड. बाबांच्या वडिलांचा हा नेम होता. बाबांनी तो परक्यांच्या बाबतीत इतका काटेकोर पाळला आहे की एकदा मालक गावाला गेला म्हणून त्यांनी दोन महिने काम थांबवलं होतं.

आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत तो मोडला. आत्याचे यजमान पालघरला दवाखान्यात होते आणि आत्या पंधरा दिवस तिकडेच. बाबांना एका होडीच्या वरच्या काठाला लांब सरळ लाकूड हवं होतं. ते दोन माणसं आणि करवत घेऊन गेले आणि एक धामण पाडून घेऊन आले. बहिणीचं झाड, त्याला काय विचारायचं. इथपर्यंत मी समजू शकते. पण आत्या परत आली, तिने बुंधा बघितला आणि आमच्याकडे येऊन विचारलं, तेव्हा बाबा दारात उभे राहून म्हणाले की वाऱ्याने पडलं असेल.

लाकूड त्या वेळी शेडमध्ये, तिला दिसेल असं आडवं पडलेलं होतं.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चार वर्षांनी आत्याचे यजमान वारले. बाबा गेले, गर्दीत मागे उभे राहिले आणि परत आले. मी त्या अकरा वर्षांत काय केलं? बोईसरच्या बाजारात आत्या दिसली की मान हलवली. त्या मान हलवण्याला मी मनातल्या मनात तटस्थपणा म्हणत असे.

ॲशच्या सातव्या पट्टीनंतरच्या रविवारी मी टेप घेऊन स्कूटरवर पामला गेले. कोणाला सांगितलं नाही. आत्या वाडीत चिकू निवडत होती. माझ्याकडे बघून तिने हातातला चिकू आधी टोपलीत ठेवला.

"कोण, उन्नती? रस्ता चुकलीस वाटतं."

मी म्हटलं, झाड बघायला आलेय. ती बांधाकडे हात करून पुन्हा निवडायला लागली.

छातीच्या उंचीवर घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पहिल्या फांदीपर्यंत सरळ बुंधा तीन मीटरहून थोडा जास्त. सालीवरच्या उभ्या भेगा खालपासून वरपर्यंत सरळ गेल्या होत्या, कुठेही पिळा घेतलेला नव्हता. साल सरळ तर आतली रेषा बहुतेक सरळ असते. एका होडीच्या बरगड्या त्या बुंध्यातून आरामात निघाल्या असत्या, सहाच्यासुद्धा. शेजारी जुना बुंधा होता. करवतीची कड अकरा पावसाळ्यांनंतरही सपाट होती. वाऱ्याने पडलेलं झाड असं सपाट तुटत नाही. हे कळायला एम.एस्सी. लागत नाही.

मी वहीत आकडे लिहीत असताना आत्या मागे येऊन उभी राहिली.

"मोजून झालं? मंग वजन पण करून जा. बापाला सांगायला बरं."

मी तिला सगळं सांगितलं: होडी, साग, बॉयलर, भिवंडीहून आलेलं लाकूड, शेडमध्ये येऊ घातलेले साचे. धीरजच्या पाइपाचं ऐकताना ती हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. मग विचारलं, शेड खरंच जाणार का. मी म्हटलं, दिवाळीला सव्वीस दिवस आहेत आणि लाकूड ओलं असतानाच वापरायचं आहे, म्हणजे तोडल्यापासून आठवड्यात काम व्हायला हवं. तोडायच्या परवानगीचं विचारलं, तर ती म्हणाली की वीज मंडळाची तार वरून जाते, त्यासाठी तिने उन्हाळ्यातच अर्ज करून कागद मिळवून ठेवला आहे. सरकारी कागद आला होता. उरला होता तो माझा बाप.

"झाड द्यायचं का नाय, हा प्रश्नच नाय," आत्या म्हणाली. "मला त्या लाकडाचं काय करायचंय? पयल्या झाडाचं पण मला काय नव्हतं. मागितलं असतं तर दोन्ही दिली असती, आणि वर जेवायला वाढलं असतं. पण माजा माणूस दवाखान्यात, पायाखाली करवतीचा भुसा, आणि हा सख्खा भाऊ मला सांगतो की वारा आला." तिने जुन्या बुंध्यावरचं पान बोटाने उडवलं. "त्याला म्हणावं, तो वारा कुटून आलेला ते येऊन सांग. मंग ने झाड."

"मी मागितलं तर?"

"तू मागून काय उपयोग? तू तोडलंस काय ते?"

जाताना तिने पिशवीभर चिकू दिले. पिकायला चार दिवस लागतील म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, वाऱ्यासकट. आई वाढायची थांबली. मेहुलने डोक्याला हात लावला.

"ताई, दोन म्हातारी माणसं एका ओंडक्यावरून अकरा वर्षं रुसलीत, आणि जागा माझी अडकलीय."

या विषयावर आमच्या घरात बोललं गेलेलं हे पहिलं अचूक वाक्य होतं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग ताठ बसून, नेम सांगायच्या आवाजात म्हणाले, "झाड मी कोणाच्या मध्यस्थीनं घेत नाय. मिस्त्रीनं स्वतः जायचं असतं."

"मग जा ना," आई म्हणाली.

"बघू," बाबा म्हणाले.

मी ते वाक्य नंतर बराच वेळ तपासून पाहिलं. स्वतः जायचं असतं म्हणून दुसऱ्याने आणलेलं चालत नाही. आणि स्वतः जायचं नाही. नेम असा दोन्ही बाजूंनी वापरायला हुशारी लागते. ती माझ्या वडिलांकडे आहे. निमेश, धीरज निदान अज्ञानाने चुकत होते. बाबा सगळं माहीत असून, रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून, पेटीखाली जाळ करून चुकीचं लाकूड वाफवायला बसत होते, आणि प्रत्येक पट्टी मोडली की लाकडाकडे दुखावल्यासारखं बघत होते. त्या आठवड्यात आणखी पाच सागाच्या पट्ट्या गेल्या. दोन टिकल्या. होडीला लागतात बावीस. निमेशचा फोन आला की दिवाळीची तारीख हलणार नाही, आणि फायबरची होडीही तशी वाईट दिसत नाही.

गुरुवारी माझी सुट्टी होती. त्या दिवशी फायबरच्या पार्टीचा माणूस शेड मोजायला आला. नीट काम करणारा माणूस होता. टेप लावायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि जमिनीवर खडूने रेघ ओढायचा. पहिला साचा इथे, दुसरा तिथे, ड्रम मागच्या भिंतीला. बाबा स्टुलावर बसून बघत होते. तिसरी रेघ अर्धवट होडीपाशी आली तेव्हा त्या माणसाने होडीकडे, मग मेहुलकडे बघितलं. मेहुलने मानेने सांगितलं की ओढा. रेघ होडीच्या पोटाखालून गेली आणि पलीकडे निघाली. बाबांच्या स्टुलापाशी आल्यावर तो माणूस थांबला.

"काका, जरा स्टूल घेता का बाजूला?"

बाबा उठले. स्टूल त्यांनी स्वतः उचललं, ओट्यावर नेऊन ठेवलं, आणि तिथे न बसता घरात गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालून.

"उन्नती, गाडी काढ."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते मागे बसले. बोईसरच्या रस्त्याला लागल्यावर एका दुकानापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि नारळ घेतला. तीन नारळ कानाशी हलवून एक निवडला. नारळ निवडायला त्यांनी जितका वेळ घेतला तितका वेळ त्या सागाच्या ढिगावर कोणी खर्च केला नव्हता.

आत्या ओट्यावर पाय सोडून बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उठली नाही. बाबा फाटकाच्या आत तीन पावलं येऊन थांबले, नारळ दोन्ही हातांत धरून.

"नारळ कशाला?" आत्या म्हणाली. "कसलं उद्‌घाटन हाय?"

बाबा म्हणाले, चिकूवर या वर्षी कीड दिसते. आत्या म्हणाली, दिसते. बाबा म्हणाले, रस्ता बरा झाला पामचा. आत्या म्हणाली, दोन वर्षं झाली होऊन. बाबांनी विहिरीच्या पाण्याचं विचारलं, मोटर कोणत्या कंपनीची ते विचारलं, शेजारच्या वाडीला कुंपण कोणी घातलं ते विचारलं. आत्या प्रत्येकाचं नेमकं उत्तर देत होती आणि एकही प्रश्न उलटा विचारत नव्हती. तिने बसा म्हटलं नाही. मी घड्याळ बघितलं. विहीर, मोटर आणि कुंपण यांत सतरा मिनिटं गेली. एवढ्यात सागाची पट्टी पन्नासदा थंड होऊन मोडली असती.

विषय संपले तसे बाबा बांधाकडे चालायला लागले. आत्या उठली आणि मागून गेली, दहा पावलांचं अंतर ठेवून. मी तिच्या मागे. जुन्या बुंध्याला वळसा घालून, त्याच्याकडे न बघता, बाबा धामणीपाशी जाऊन उभे राहिले. नारळ मुळाशी ठेवला आणि उजव्या हाताचा तळवा सालीवर टेकवला. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं की क्षणभर मला वाटलं, आता कबुलीशिवायच हे पार पडणार. परक्या माणसांसमोर शंभरदा म्हटलेलं वाक्य ते म्हणतील आणि त्या वाक्याआड मोठ्या समाधानाने लपून राहतील. तसंच सुरू झालं.

"हे झाड मला होडीसाठी..."

"त्याच्या शेजारी एक होतं," आत्या म्हणाली. "त्याचं काय झालं रे, भाऊ?"

बाबांचा हात सालीवरच राहिला. त्यांनी वर बघितलं, फांद्यांमधून जाणाऱ्या तारेकडे. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलणार नव्हते, आणि ते त्यांना कळलं. आत्या हाताची घडी घालून उभी होती. तिला कसलीही घाई नव्हती. बाबांनी घसा साफ केला, एकदा, मग पुन्हा. मला वाटलं, "बघू" येणार.

त्यांनी हात झाडावरून काढला आणि तिच्याकडे वळले.

"वारा नव्हता, नलू. ते मी तोडलं, तुला न विचारता, आणि दारात उभा राऊन तुला खोटं सांगितलं. हे झाड आज विचारून न्यायला आलोय."